आमची वाटचाल : मत नको, पान सांगा

अमळनेरात आमचं पुस्तकांचं दुकान आहे आणि त्याला जोडूनच भाड्याने पुस्तकं द्यायचं कपाट. सुरत-भुसावळ लाइनवर रोज जळगावला अपडाऊन करणारे नोकरदार हे आमचं मुख्य गिऱ्हाईक.

सुरुवातीला गल्ल्याशेजारी ‘आवडलेली पुस्तकं’ अशी वही ठेवली होती. वही भरली, पण त्याच पाच-सहा नावांनी. माणूस आवडीचं नाव विचारलं की आदराचं नाव सांगतो, आणि त्या भरवशावर मागवलेला माल कपाटात पडून राहतो. मग प्रश्नच बदलला : “काय वाची ऱ्हायना (काय वाचतोयस), भाऊ? कितवं पान?”

त्यासाठी ए-४ कार्डशीटचे आठ तुकडे करतो. एका चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव, तारीख आणि पान, तेही ‘११२/३२०’ असं एकूण पानांसकट. कारण आवृत्ती बदलली की पानं बदलतात. लिहायचं पेन्सिलीने, म्हणजे पुढच्या खेपेला खोडून नवा आकडा टाकता येतो. वाचकाचं नाव नाही, फक्त सभासद क्रमांक. नाव होतं तोवर बायका चिठ्ठी लावायला कचरत आणि पुरुष वजनदार पुस्तकं मिरवत. चिठ्ठ्या दोरीवर, कपडे वाळवायच्या चिमट्यांनी. चिकटपट्टी मे महिन्यात टिकत नाही; जळगावकडचं ऊन ठाऊक असलेल्याला कारण सांगायला नको.

स्पर्धा परीक्षेच्या गाइडांना वेगळी दोरी. एकत्र लावली तर कादंबऱ्या दिसेनाशा होतात.

या आकड्यांवर धंद्याचं गणित बसतं. सोमवारी ११२ वर असलेला वाचक पुढच्या सोमवारी १६० वर आला, म्हणजे आठवड्याला ४८ पानं. उरली १६०. त्याला तीन आठवड्यांहून थोडं जास्त लागणार, म्हणून नंबर लावून बसलेल्याला आम्ही चार सांगतो. एकाच पुस्तकाच्या तीन चिठ्ठ्या पन्नासाव्या पानापलीकडे गेल्या की आणखी एक प्रत मागवायची. पन्नाशीच्या आत कितीही चिठ्ठ्या असोत, थांबायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वं साहित्य संमेलन गावातच झालं. अशा वेळी पुस्तकं हातोहात जातात, पण खपलं म्हणजे वाचलं असं धरून पुन्हा तोच माल भरू नये. पंधरा दिवस आकडा हलला नाही तर चिठ्ठी उतरवतो. वाचकाला कारण विचारत नाही. विचारलं की तो पुढच्या वेळी खोटा आकडा टाकतो.

एकदा तीन वेगवेगळ्या चिठ्ठ्या ९६ वरच अडकल्या. पुस्तक कंटाळवाणं असेल असं वाटलं. प्रत उघडून पाहिली तर ९६ नंतर थेट ११३. पुस्तकं बहुधा सोळा पानांच्या फॉर्मात, म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घडीत, छापतात. बांधणीत सातवा फॉर्म, म्हणजे ९७ ते ११२, राहूनच गेला होता. तिघांनीही तक्रार केली नव्हती, आपल्यालाच कळत नसेल असं समजून गप्प बसले. तेव्हापासून प्रत कपाटात जाण्याआधी दर सोळा पानांचा सांधा तपासतो : १६-१७, ३२-३३, ४८-४९. सुरुवातीची पानं वेगळी मोजली असतील तर सांधा सरकतो, पण एक सापडला की पुढचे सोळाच्या अंतरानेच येतात. दोन मिनिटांचं काम.

कवितेपुढे मात्र ही पद्धत चालत नाही. बहिणाबाई कुणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही. मधूनच उघडतात, तीच कविता चारदा वाचतात. तिथे पानाच्या जागी कवितेची पहिली ओळ लिहायला सांगतो आणि पंधरा दिवसांचा नियम लावत नाही. एक चिठ्ठी गेल्या पावसाळ्यापासून दोरीवर आहे. चिमटा गंजला म्हणून बदलला, चिठ्ठी तीच.