कल्कीची सत्ती

मी सावंतवाडीत राहून गंजिफा, म्हणजे जुन्या खेळातले गोल पत्ते, रंगवते आणि ऑनलाइन विकते. दुकान म्हणजे इन्स्टाग्रामवरचं पान, व्हॉट्सअॅपचा नंबर आणि पडवीत खिडकीपाशी मांडलेलं टेबल. ऑर्डरी बहुतेक लग्नसराईच्या असतात. नवरा-नवरीची नावं घातलेलं गोल पान, दशावतारांची फ्रेम, नव्या फ्लॅटच्या दारावरची पाटी. कुणाला राजाच्या जागी साठी झालेल्या वडिलांचा चेहरा हवा असतो. ही कामं मी जीव ओतून करते, घर त्यावरच चालतं. अख्खा संच घेणारेही असतात, पण तो जातो काचेच्या कपाटात.

त्यामुळे गेल्या पावसाळ्यात पुण्याहून एका ताईंचा मेसेज आला तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा वाचला. ‘आमच्याकडे जुना दशावतारी संच आहे. तीन पानं हरवलीत. करून द्याल का? आम्हाला खेळायचंय.’

दशावतारी संच १२० पानांचा. दहा अवतार, आणि प्रत्येक अवताराचा राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं. तिघं खेळायला बसले की प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस. राजा-प्रधानाखालच्या पानांत, अर्ध्या अवतारांत दश्शी वरचढ, उरलेल्या अर्ध्यांत एक्का वरचढ. कुठली पानं उतरून गेली आणि कुठली अजून कुणाच्या हातात आहेत हे ध्यानात ठेवणं हाच खरा खेळ. एक पान जरी हरवलं तरी वाटणी जमत नाही आणि हिशेब कोलमडतो. म्हणून जुन्या घरांतून असे दोन-चार पानांनी अपुरे संच माळ्यावर पडून राहतात आणि त्यांच्याबरोबर खेळही मागे पडतो.

खेळ मात्र फार जुना. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मुघली संच ९६ पानांचा, आठ रंगांचा. दशावतारी रूप त्याला आपल्याकडे मिळालं. सावंतवाडीत ही कला चितारी घराण्यांच्या हातात होती, आणि तीही संपत आली होती. १९७०च्या दशकात सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवींनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ती समजून घेतली, राजवाड्यात काम सुरू केलं, म्हणून आज माझ्यासारखीच्या हातात कुंचला आहे. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, त्यांनी विचारलं नाही तरी.

जुनी वस्तू कुरिअरनं मागवण्याआधी मी फोटो मागते, तेही दोन प्रकारचे. सगळी पानं जमिनीवर अवतारांच्या क्रमानं दहा ओळींत मांडायची. एक फोटो बरोबर वरून घ्यायचा, दुसरा खिडकीतून तिरपा उजेड पडत असताना बाजूनं. पहिल्यात काय आहे आणि काय नाही ते कळतं. दुसऱ्यात लाखेचा चकचकीत लेप कुठे उडाला, पान कुठे वाकलं, रंगाचा पापुद्रा कुठे सुटला ते दिसतं.

वरून घेतलेल्या फोटोत हिशेब लागला. कूर्माची पंजी नव्हती, वराहाचा एक्का नव्हता आणि परशुरामाचा राजा नव्हता. पहिली दोन पानं सोपी होती. चिन्हं संचागणिक थोडी बदलतात, पण या संचात कूर्माला कासव आणि वराहाला शंख होता, आणि त्यांची बाकीची पानं समोर होती. राजा अवघड होता, कारण एका अवताराला राजा एकच आणि नक्कल करायला दुसरा नाही.

तिरप्या फोटोत वेगळंच काहीतरी दिसलं. उजेडात सगळी पानं चमकत होती, आणि शेवटच्या ओळीत कल्कीची सत्ती तेवढी मंद. फोटो मोठा करून पाहिला. सात तलवारी होत्या खऱ्या, पण त्यांना धार नव्हती. मुठी वेगवेगळ्या आकाराच्या, दोन तलवारी जरा तिरक्या. बाकीच्या पानांवर चिताऱ्याची रेघ एका दमात ओढलेली, हिच्यावर थबकत थबकत.

मी ताईंना लिहिलं की सगळे राजे, परशुरामाची सगळी पानं, कूर्म आणि वराहाची थोडी आणि कल्कीची ती सत्ती एवढं पाठवा. प्रत्येक पान बटर पेपरमध्ये, मग डब्यात, डब्याभोवती कापड, आणि पार्सल बांधताना व्हिडिओ. पावसाचे दिवस म्हणून आत सिलिकाच्या पुड्या. पार्सल आलं तसं मीही ते कॅमेऱ्यासमोरच उघडलं. दुसऱ्याच्या घरची जुनी वस्तू हातात घेताना एवढं करायलाच हवं.

सत्ती मी शेवटी उघडली. हाताला ती बाकीच्यांपेक्षा किंचित जाड लागली. कड एका जागी फुगून सुटली होती, तिथून आतले थर दिसत होते. कागदावर कागद चिकटवून केलेला पुठ्ठा, आणि मधल्या एका थरावर काळ्या शाईची वळणं. भिंग लावलं. मोडी अक्षरं होती. हिशेबाच्या जुन्या वहीचं पान कातरून, खळीनं चिकटवून कुणीतरी हे पान घरीच केलं होतं. पाठीला गेरूसारखा लाल रंग होता, पण लाख कुठल्याच बाजूला नव्हती, म्हणून ती उजेडात चमकली नव्हती.

संध्याकाळी मी ताईंना व्हिडिओ कॉल केला. सत्तीबद्दल सांगितल्यावर त्या लगेच म्हणाल्या, “मग तीही नवी करून टाका ना. चार पानांचे पैसे घ्या. आणि एक, चारही पानं जरा जुनी वाटू देत. चहाचं पाणी वगैरे मारतात ना?”

चहाच्या पाण्याचा विषय माझ्याकडे अधूनमधून येतो. मी ते करत नाही. नवं पान जुनं म्हणून रंगवलं की उद्या तो संच ज्याच्या हातात जाईल त्याची फसवणूक होते, आणि ती माझ्या हातून झालेली असते. ताईंच्या मनात तसलं काही नव्हतं, त्यांना संच एकसारखा दिसायला हवा होता. मी त्यांना समजावत होते तेवढ्यात मागून आवाज आला, “कुठली सत्ती म्हणतेय ती?”

ताईंनी फोन वळवला. खुर्चीत त्यांच्या आत्या बसल्या होत्या. ऐंशी कधीच उलटलेली, डोळ्यांना जाड भिंगं. वाईच्या जुन्या घरात लहानपणापासून गंजिफा खेळलेल्या. घरात हा खेळ येणाऱ्या त्या एकट्याच उरल्यात, आणि भाचीला आणि तिच्या मुलाला त्यांच्याकडून शिकायचाय म्हणून हा सगळा खटाटोप, हे मला तेव्हा समजलं.

मी सत्ती कॅमेऱ्यासमोर धरली.

“तिला हात लावू नकोस हं पोरी,” आत्या म्हणाल्या. “आईची आहे ती.”

आत्यांच्या थोरल्या भावानं लहानपणी कल्कीची सत्ती विहिरीत टाकली. मुद्दाम, हरत होता म्हणून. खेळ बंद पडला. आजोबा चिडले, चिताऱ्याकडे माणूस पाठवायचं नुसतं बोलणं झालं. मग एके दुपारी आईनं आजोबांची जुनी वही कातरली, चिंचोके शिजवून खळ केली, थर चिकटवून पाट्याखाली दाबून ठेवले, आणि मुलांच्या शाळेच्या रंगपेटीतून तलवारी काढल्या. रात्री जेवणं झाल्यावर संच मांडला गेला, तेव्हा सत्ती जागेवर होती.

“पाठीवरनं सगळ्यांना ओळखू यायची,” आत्या म्हणाल्या. “कुणाच्या हातात आहे ते कळायचंच. पण कुणी त्यावर खेळायचं नाही. आजोबांनी ताकीद दिली होती, आईचं पान दिसलं तरी दिसलं नाही असं धरायचं.”

ताई गप्प झाल्या होत्या. त्यांनी हे कधी ऐकलंच नव्हतं.

मी विचारलं, “आजी, मग नव्या तीन पानांचं काय करू?”

“ती मात्र ओळखू येता कामा नयेत. एकाकडे डोळेझाक करता येते, चार चार पानं ओळखीची झाली तर खेळ कसला!”

माझा प्रश्न आत्यांनी असा एका वाक्यात सोडवला. पाठ जुन्या पानांसारखी तंतोतंत हवी, कारण खेळ पाठीवर अवलंबून असतो. पुढची बाजू खरं सांगू शकते. तिथे मी प्रत्येक नव्या पानाच्या कडेच्या वेलीत, पानांच्या आकारात लपेटून, ते केल्याचं साल घालायचं ठरवलं. खेळणाऱ्याला त्याचा त्रास नाही, आणि पुढे कधी कुणी भिंग लावून बघेल त्याला नवं कुठलं ते कळेल. ताईंनी याला खुशीनं होकार दिला आणि निम्मे पैसे त्याच रात्री पाठवले.

पाठीनं माझी परीक्षा पाहिली. जुना लाल रंग वरच्या लाखेनं काळवंडून डाळिंबाच्या सालीसारखा झाला होता. पूर्वी हिंगूळ वापरायचे. त्यात पारा असतो, म्हणून मी तो घरात आणत नाही. गेरू आणि तयार लाल रंग यांच्या मिश्रणावर चपडा लाख चढवली तर रंग फार उजळ यायचा. मग बटण लाख आणली. ती मुळातच गडद. स्पिरिटमध्ये विरघळवून, गाळून, पातळ हात देत गेले. त्यात आमच्याकडचा पाऊस. हवेत दमटपणा असला की ओल्या लाखेवर पांढुरकी झाक येते आणि सगळा हात पुसून काढावा लागतो. उघडीप बघायची, टेबलाखाली बल्ब लावून जागा कोरडी करायची, मगच कापसाचा बोळा उचलायचा. आणि लाख एकाच बाजूला जास्त झाली तर पान वाटीसारखं वळतं, म्हणून दोन्ही बाजूंना सारखे हात.

दिवसाच्या उजेडात रंग जुळला, तरी रात्री ट्यूबलाइटखाली नवं पान जांभळट दिसायला लागलं. दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांचं असं होतं, एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. फोनवर पाठवलेल्या फोटोवरून हे कुणालाच कळणार नाही. ताईंना विचारलं, तुम्ही कुठल्या दिव्याखाली बसणार? दिवाणखान्यात, म्हणाल्या, पांढरा एलईडी. तसाच दिवा बाजारातून आणून पडवीत लावला आणि गेरूचं प्रमाण दोन्ही उजेडांत चालेल इथवर आणलं.

परशुरामाच्या राजासाठी बाकीचे नऊ राजे ओळीनं मांडून बसले. चिताऱ्याची पद्धत हळूहळू लक्षात आली. महिरप प्रत्येकाला तीच, खांबांना तीन रेघा, चवरीवाला नेहमी डावीकडे, आणि अवताराचा चेहरा त्या चवरीवाल्याकडे किंचित वळलेला. परशू मी त्याच अवताराच्या एक्क्यावरून घेतला, पात्याची फुगीर बाजू तशीच. जटा मात्र कुठेच नव्हत्या, त्या मी काढल्या. संचातला सगळ्यात मोकळा अर्धा इंच तोच, आणि तो काढताना मला जेवढं बरं वाटलं तेवढं अलीकडे कुठल्याच ऑर्डरीत वाटलेलं नाही.

सत्तीच्या सुटलेल्या कडेत मी फक्त चिंचोक्याची खळ भरून ती दाबून ठेवली. लाख लावली नाही, तलवारींना हात लावला नाही. मोडी ओळ मिटण्याआधी तिचा फोटो काढून ताईंना पाठवला. त्यांनी मोडी जाणणाऱ्या एकांकडून वाचून घेतला. तांदूळ आणि गुळाचा हिशेब होता.

पार्सल पोचलं त्या रविवारी त्यांनी मला कॉलवर घेतलं. सतरंजीवर पांढरं धोतर पसरलेलं. गंजिफा इंग्रजी पत्त्यांसारख्या पिसत नाहीत, कापडावर पालथ्या घालून दोन्ही हातांनी कालवतात. आत्यांनी सगळी पानं कालवली, ढीग केला आणि नजर वर ठेवून फक्त बोटांनी पाठी चाचपत राहिल्या. माझा श्वास अडकला होता.

“हे आईचं,” एक पान बाजूला काढून त्या म्हणाल्या. मग परत चाचपणं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “बाकीची नाही सापडत.”

ताईंच्या मुलानं टाळ्या वाजवल्या. आत्यांनी वाटायला सुरुवात केली आणि दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे त्यानं उतरायचं, रात्री कृष्णाचा, हे त्याला सांगू लागल्या. खेळ दीड-दोन तास चालला. मी मधे कॉल ठेवून दिला, त्यांना माझी गरज नव्हती. रात्री मेसेज आला की आत्या दोघांनाही हरवून जेवायला बसल्या आहेत, आणि मुलगा उद्याचा डाव मागतोय.

त्या आठवड्यात मी दुकानाच्या यादीत एक नवी ओळ घातली: जुन्या संचाची हरवलेली पानं करून मिळतील, पुढच्या बाजूला साल घातलेलं असेल, जुनाट करून मिळणार नाहीत. चौकशा येतायत. एक जण संच विकायचाय म्हणून साल नको म्हणाले, त्यांना नकार दिला. मुघली संचाची सहा पानं सध्या टेबलावर आहेत.

तुमच्या माळ्यावर असा अपुरा संच असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, त्यात लाख घामेजते आणि पानं एकमेकांना चिकटतात. सुती कापडात गुंडाळून लाकडी डब्यात ठेवा. आणि घरात खेळ आठवणारं कुणी असेल, तर पानं मांडून त्यांच्यासमोर बसा. फोटो मला नंतर पाठवलात तरी चालेल.