तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीखाली माणूस येतो तेव्हा काय वाटतं?

लग्नाकार्यात कुणीतरी ओळख करून देतं, "हे लोकलवर मोटरमन होते," आणि पाच मिनिटांत प्रश्न येतोच. "काका, तुमच्या गाडीखाली कधी कुणी आलं होतं का हो? काय वाटतं तेव्हा?" हातात जिलेबीची वाटी असते. पूर्वी मी पाणी आणायच्या निमित्ताने उठायचो. हल्ली क्लिंट हिलची गोष्ट सांगतो.

हिल हा अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचा, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या खात्याचा, एजंट. जन्म १९३२चा, नॉर्थ डकोटातला. लहानपणीच दत्तक गेलेला. १९५८ साली नोकरीला लागला. केनेडी निवडून आल्यावर याला राष्ट्राध्यक्षांऐवजी त्यांच्या पत्नीच्या संरक्षणाला नेमलं, तेव्हा गडी हिरमुसला होता. आता फॅशन शो आणि बॅले बघत बसायचं, असं त्याला वाटलं. पुढे दोघांचं चांगलं जमलं, पण शेवटपर्यंत तो तिला "मिसेस केनेडी" आणि ती त्याला "मिस्टर हिल". हे मला फार आवडतं. माझा गार्ड आणि मी वीस वर्षं एकमेकांना "अहो"च म्हणायचो.

२२ नोव्हेंबर १९६३, डॅलस. केनेडींच्या उघड्या गाडीमागे एजंटांची गाडी. हिल तिच्या डाव्या फूटबोर्डवर उभा होता. फूटबोर्ड म्हणजे काय ते मुंबईकराला सांगायला नको. पहिला आवाज आला, केनेडींचे हात गळ्याकडे गेले आणि हा उडी मारून धावत सुटला. गाडीच्या मागच्या दांड्याला हात पोचतोय तोवर केनेडींच्या डोक्यात गोळी बसली होती. गाडीने वेग घेतला, त्याचा पाय सटकला, तो पुन्हा धावला आणि चढला. मिसेस केनेडी डिकीवर आल्या होत्या. त्यांना त्याने मागे सीटवर ढकललं आणि स्वतः वर आडवा झाला. हॉस्पिटलपाशी त्या नवऱ्याला सोडेनात. मग त्याच्या लक्षात आलं की त्या अवस्थेतलं डोकं इतरांनी बघू नये, असं त्यांना वाटतंय. त्याने आपला कोट काढून वर घातला. तेव्हा कुठे त्यांनी हात सैल केले.

त्याला पदक मिळालं, बढत्या मिळाल्या. पुढे केनेडींनंतरचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या संरक्षणाचा तो प्रमुख झाला. १९७५ साली, त्रेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी त्याला घरी बसवलं. त्याच वर्षी टीव्हीवरच्या मुलाखतीत तो कोसळला. अर्धा सेकंद, फार तर एक सेकंद आधी हललो असतो तर तिसरी गोळी मला लागली असती, असं म्हणत रडला. त्यानंतर काही वर्षं घराच्या तळघरात दारू आणि सिगारेट, एवढंच. शेवटी १९८२ साली डॉक्टरने सांगितलं, हे सोड, नाहीतर मरशील. त्याने सोडलं.

तो अर्धा सेकंद मला ठाऊक आहे. पूर्ण वेगातली बारा डब्यांची लोकल इमर्जन्सी ब्रेक लावला तरी काहीशे मीटर गेल्याशिवाय थांबत नाही. हे मी शिकलो होतो आणि नव्या पोरांना शिकवलंही होतं. तरी रात्री झोपेत मी ब्रेक थोडा आधी लावायचो. गणित एकदम पक्कं असतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नसतो.

१९९० साली हिल पुन्हा डॅलसला गेला. त्या रस्त्यावर खूप वेळ चालला. ज्या खिडकीतून गोळ्या झाडल्या गेल्या त्या सहाव्या मजल्यावर गेला, खाली पाहिलं. रस्त्याचं वळण, उंची, आपण कुठे होतो, सगळं पुन्हा जुळवून बघितलं. आपल्या हातून जे होण्यासारखं होतं ते आपण केलं, असं त्याला तिथे पटलं. त्याला तिथे परतायला सत्तावीस वर्षं लागली. मी दुसऱ्याच आठवड्यात त्याच जागेवरून गाडी नेत होतो, मग रोज चार-चार फेऱ्या. कुणाचं बरं, सांगता येत नाही.

पण मला टोचतं ते वेगळंच. त्या दिवशी तिथे असलेले एजंट वर्षानुवर्षं एकत्र काम करत राहिले आणि त्या दुपारबद्दल आपसात बोललेच नाहीत. आमच्या लॉबीतही, म्हणजे मोटरमन ड्युटीवर हजर होतात त्या खोलीत, तेच. ज्याच्या गाडीखाली कुणी आलं असेल त्याच्यापुढे कुणीतरी मुकाट्याने चहा ठेवायचा आणि पेपरात तोंड घालायचं. यापलीकडे कुणी गेलं नाही. मीही नाही.

२१ फेब्रुवारी २०२५ला हिल गेला, त्र्याण्णव वर्षांचा होऊन. बातमी वाचली आणि जुन्या एका सहकाऱ्याला फोन लावला. तब्येत, नातवंडं, पेन्शन, सगळं झालं. मग विचारलं, "तुझ्या गाडीखाली किती?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, फोन कट झाला.

"सात," तो म्हणाला. मग तासभर बोलत होता. तिसऱ्या माणसाच्या चपलेचा पट्टा निळा होता, एवढंसुद्धा त्याच्या लक्षात होतं.