आमच्या मंडळीचा हंगामाचा सण

बेळगावात नोव्हेंबरचा पहिला दिवस कुणाच्याच कामाचा नसतो. एका रस्त्यानं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या रस्त्यानं महाराष्ट्रात जाऊ मागणाऱ्या मराठी लोकांची काळ्या दिवसाची फेरी, आणि मधल्या दुकानांची शटरं खाली. त्यामुळं आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचा, पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा हंगामाचा सण धरायचा तो त्यानंतरच्या एखाद्या रविवारी. तोवर येळ्ळूर-वडगावकडची भातं कापणीला आलेली असत, बेळगुंदी-उचगावच्या लाल मातीतली रताळी बाजारात उतरलेली असत आणि सकाळच्या उपासनेला स्वेटर घालावा लागे.

नाताळ सगळ्यांना ठाऊक असतो. पण आम्हा पोरांना विचाराल तर खरी मजा हंगामाच्या सणाची. शनिवारी दुपारपासून चर्चमध्ये सामान यायला लागायचं. वेदीच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि केळीचे खुंट बांधायचे, मधे भाताच्या लोंब्या, पुढं रताळी, कोबी, भोपळे, नारळ, गुळाची ढेप. झेंडूच्या माळा तर इतक्या की आत पाऊल टाकलं की वासानं शिंक यायची. ज्यांना शेत नव्हतं ते घरचं काही आणत. कुणी विणलेला रुमाल, कुणी लिंबाचं लोणचं, तर कॅम्पातल्या बेकरीचे मुसलमान मालक न चुकता पावाचा एक ट्रे पाठवत. आमच्या शेजारचे मराठा काका रताळ्यांचं पोतं सायकलवरून आणून टाकायचे आणि पाळकांना म्हणायचे, “तुमच्या देवाला आमची रताळी चालतात न्हवं?” दर वर्षी हाच प्रश्न, आणि दर वर्षी पाळक तितकेच मोठ्यानं हसत.

लंडन मिशनची माणसं बेळगावात आली १८२० साली. १९०४ मध्ये त्यांनी इथलं काम मेथडिस्ट मिशनकडं सोपवलं. साहेबलोक पुढं आपापल्या देशी गेले आणि मागं राहिलेला सण पार आपल्या मातीचा झाला. सकाळी कानडी उपासना, मग मराठी, आणि सणाला दोन्ही मंडळ्या एकत्र. गाणी एकदा या भाषेत, एकदा त्या. पेटी तीच, तबलाही तोच.

प्रवचन लांबायचं, ते सोडून देते. पाळकांवरचे सुपरिंटेंडेंट पाहुणे म्हणून आले तर फारच लांबायचं. पण आमचे एक जुने पाळक होते, ते त्या दिवशी दहा मिनिटांत उरकायचे. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली आहे, आणि तिच्या पाठोपाठ उपरा, पोरका आणि विधवा यांचा वाटा आहे. टोपलीबद्दल ते दोन वाक्यं बोलत आणि बाकीचा वेळ त्या वाट्याबद्दल. कधी याकोबाचं पत्र उघडत. उघड्यावाघड्या, उपाशी भावाला “सुखी राहा, ऊब घे, पोटभर जेव” असं नुसतं तोंडानं म्हणणाऱ्याला याकोब कसा झापतो, ते वाचून दाखवत आणि पुस्तक मिटून म्हणत, “चला, लिलावाला.”

लिलाव अंगणातल्या आंब्याखाली व्हायचा. पुकारायला रेल्वेतले एक काका असत. त्यांचा आवाज बहुधा गाड्यांवर ओरडून ओरडून कमावलेला. त्यांच्या तोंडून दोन्ही भाषा एकदमच बाहेर पडत. “भोपळा पाच रुपये! पाच रुपये! घ्या की ओ, कॅम्पवाले! कोणी ऐवत्तु, पन्नास म्हणतंय काय? ओंदु सल... एरडु सल...” आणि तिसऱ्याच्या आत कुणीतरी हात वर करायचाच. भोपळा ज्यानं घेतला तो पैसे देई आणि भोपळा परत टेबलावर ठेवी. मग पुन्हा पुकारा. एकच भोपळा तीन-तीनदा विकला जाई, आणि शेवटी ज्याच्या घरी जाई त्याच्या बायकोला आठवडाभर त्याचीच भाजी.

मोठी झाल्यावर या लिलावाबद्दल मनात शंका आली. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये. आणि आमच्याकडं तर कोण किती देतो ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं! थोडा मिरवण्याचा भाग त्यात होताच, तो मी नाकारणार नाही. काही सधन घरं भोपळ्यासाठी एकमेकांशी चढाओढ करत, आणि रेल्वेवाले काका ती आग हळूच फुंकत.

पण शंका फिटली ती महिला मंडळात जायला लागल्यावर. देण्याचा गलबला अंगणात, आणि घेणं मात्र पाळकबाईंच्या, म्हणजे पाळकांच्या पत्नीच्या, स्वयंपाकघरात. लिलावाच्या पैशांचा एक भाग मंडळाकडं येई. त्यातून कुणाची फी, कुणाच्या घरात पावसाळ्यातलं तांदळाचं पोतं, कुणाचं मिरजेचं तिकीट. मिरज हा त्या काळचा मोठा आधार. डॉ. वानलेसांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं. आमच्याकडचा माणूस बरा होईना की घरातले म्हणत, “मिरजेला न्या.” मग मीटरगेजच्या गाडीत बसून आजारी माणूस, सोबत एक माणूस आणि भाकरीचं गाठोडं निघायचं. भाड्याचे पैसे कुठून आले, ते गाडीत बसलेल्यालाही पुष्कळदा ठाऊक नसे. पाळकबाई एवढंच म्हणत, “हे ठेवा, मग बघू.”

अहवालात या सगळ्याची एकच ओळ असायची: ‘गरजूंना मदत’, आणि पुढं रक्कम. एकदा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या सभासदानं सभेत उठून नावं मागितली. हिशेब म्हणून ते वावगं नव्हतंच. पाळकबाई उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, “रक्कम तपासा, पावत्या तपासा. नावं मात्र मी प्रभूला सांगितलीत, तिथं जाऊन विचारा.” सभा हसली. विचारणारेही हसले आणि खाली बसले. पुढं कुणी नावं मागितल्याचं आठवत नाही.

मंडळात एक म्हातारी होती, कॅम्पातल्या बंगल्यांत धुणीभांडी करायची. ती दर सणाला कोंबडीची दोन अंडी रुमालात बांधून आणी. रेल्वेवाले काका ती अंडी कधीच आधी पुकारत नसत. भोपळ्यावरून लोक चांगले पेटले की मग हळूच रुमाल वर धरत, आणि अंडी कोबीच्या अख्ख्या पोत्यापेक्षा महाग जात. म्हातारी पुढच्या ओळीत बसून ताठ मानेनं बघायची. पुढच्या पावसात तिच्याच घराची कौलं मंडळाच्या पैशांतून बदलली गेली. हे मला माहीत आहे, कारण कौलं मोजायला पाळकबाईंनी मलाच पाठवलं होतं आणि “कुठं बोलायचं न्हाई” अशी ताकीदही दिली होती. आता त्या दोघीही नाहीत, म्हणून लिहिते.

लिलावानंतर प्रीतिभोजन. मटणाचा रस्सा, भात, आणि रताळीवाल्या काकांसारख्या पाहुण्यांसाठी वेगळ्या चुलीवर वांग्याची भाजी. पंगतीत वाढायला पुरुष, हा पाळकबाईंचा नियम. त्यांच्या हातून रस्सा सांडायचा आणि बायका बसून शेरे मारायच्या.

आताच्या लिलावात भोपळ्यापेक्षा केकच जास्त असतात, पुकारणारा पोरगा माइकवर बोलतो आणि पैसे फोनवरून येतात. कानडी-मराठीची सरमिसळ तशीच आहे. उरलेलं जेवण डब्यांत भरून सिव्हिल हॉस्पिटलबाहेर थांबलेल्या नातेवाइकांना द्यायचं, ही भर मात्र नव्या पोरांची. गेल्या खेपेला मीही त्यांच्याबरोबर गेले होते. आमची गाडी थांबल्याबरोबर एका आजोबांनी डब्यात डोकावून विचारलं, “मटण संपलं काय रे?”