सरांच्या अंगणातला डावा कॅलिपर

फोनवर सर एवढंच म्हणाले, “अरे, ब्रेकचे पॅड बदलतोय, मागचा पिस्टन आत जात नाही. जरा येऊन बघतोस?”

गणेश चवथीला तीन दिवस उरले होते. गोव्यात फोंड्याला आमचं गॅरेज आहे, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. मूळ घरी जायच्या आधी ज्याला त्याला गाडी दाखवून घ्यायची असते. पण सरांनी मला तिसरीत आणि चौथीत शिकवलंय. आमच्या सरकारी मराठी शाळेत दोनच शिक्षक होते, त्यांतले हे एक. पाढा चुकला तर छडी नाही, पहिल्यापासून परत म्हणायला लावायचे. त्यांना ‘उद्या येतो’ म्हणणं मला जमत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर, टॉर्क पाना आणि उचललेली गाडी तोलून धरणाऱ्या दोन लोखंडी घोड्या गाडीत टाकल्या आणि पावसातच म्हार्दोळच्या पुढे त्यांच्या घरी गेलो.

अंगणाच्या कडेला पत्र्याची शेड आहे. तिथे गाडी उभी होती, मागची दोन्ही चाकं काढलेली, आणि सगळा भार दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांवर, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडांवर. सर पाटावर बसून डाव्या कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड आवळणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यात, बोटं घालून चाचपत होते. आणि त्यांचा नातू ड्रायव्हरच्या सीटवर बसून गाणी लावत होता. स्क्रीन चालू होती.

माझ्या पोटात गोळा आला. आधी नातवाला खाली उतरवलं, चावी माझ्या खिशात घातली आणि सरांना हात बाहेर काढायला सांगितलं. ते जरा दचकले. माझा आवाज चढला होता.

या गाडीला हँडब्रेकची दांडी नाही, एक बटण आहे. बटण ओढलं की मागच्या दोन्ही कॅलिपरवर बसवलेल्या छोट्या मोटरी फिरतात आणि पिस्टन पुढे ढकलून पॅड डिस्कवर आवळतात. तो दाब टनाच्या वर असतो. पोराने गंमत म्हणून ते बटण ओढलं असतं तर सरांची बोटं मधे होती. बरं, बटणच कशाला, काही गाड्यांत इंजिन बंद केलं की हा ब्रेक आपोआप लागतो. मागच्या ब्रेकला हात लावायचा तर चावी गाडीपासून लांब आणि गाडीत कोणी नाही, हे मी माझ्या पोरांना गॅरेजमध्ये पहिल्या दिवशी सांगतो.

मग चिरे. आपल्याकडे चिरा म्हणजे सगळ्या अडचणींवरचा उपाय. चिऱ्यावर घर उभं राहतं हे खरं, पण तिथे भार सगळीकडे पसरलेला असतो. गाडीचा भार बोटभर जागेतून एका कोपऱ्यावर आला की चिरा मधोमध फुटतो, आणि फुटायच्या आधी काही सांगत नाही. मी जॅकने गाडी पुन्हा उचलली, पत्र्याखालच्या मजबूत पट्टीला घोड्या लावल्या आणि चिरे पुढच्या चाकांना आडवे सारले. तिथे त्यांचा उपयोग चांगला.

आता सरांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांना काही येत नाही असं कोणाला वाटू नये. आधीची छोटी गाडी त्यांनी अठरा वर्षं वापरली आणि तिचे पुढचे पॅड प्रत्येक वेळी स्वतः बदलले. त्या दिवशीही सकाळी पुढची दोन्ही चाकं त्यांनी उरकली होती. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले होते. कॅलिपर ब्रेकच्या नळीला लोंबकळत न सोडता सुंभाने स्प्रिंगला बांधला होता. काढलेले पॅड वर्तमानपत्रावर ओळीने ठेवून शेजारी पेन्सिलीने ‘डावा आत’, ‘डावा बाहेर’ असं लिहिलं होतं. इतकं नेटकं काम मी शिकाऊ पोरांकडून वर्षभर मागतो तेव्हा कुठे मिळतं.

मी ते पॅड मोजले. पुढच्यांवर पाच मिलिमीटर माल शिल्लक होता. नवीन पॅड दहा-बारा मिलिमीटरचा असतो, तीनवर आला की बदलायचा. म्हणजे पुढचे पॅड अजून चालले असते. ज्या बारीक किंचाळीमुळे सर पॅड बदलायला बसले, ती आठ दिवस ऐकू येणारी किंचाळी मागून येत होती. पॅड संपत आला की त्याच्यावरची पत्र्याची जीभ डिस्कला घासते आणि ओरडते, ती मुद्दाम तशीच बसवलेली असते. सरांनी चाकाच्या फटीतून मागचे पॅड पाहिले होते, त्यांना ते जाड दिसले, म्हणून त्यांनी पुढून सुरुवात केली.

फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. डाव्या चाकाच्या बाहेरच्या पॅडवर सहा मिलिमीटर होते. आतल्यावर एक मिलिमीटरसुद्धा नव्हता.

असं होतं ते सरकत्या पिनांमुळे. पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच जोरावर अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन गंजून अडकली की बाहेरचा पॅड आरामात बसतो आणि आतला एकटाच झिजतो. ही गाडी सरांच्या मुलाची. तो बोटीवर असतो. गाडी चार-चार महिने शेडखाली उभी, आणि तीही हँडब्रेक लावून. आपल्या पावसाळ्यात असं ठेवलं तर पॅड गंजाने डिस्कला चिकटतात आणि पिना आतल्या आत धरतात. गाडी जास्त दिवस सपाट जागी ठेवायची असेल तर गियरमध्ये ठेवावी, चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक मोकळा सोडावा.

“सर, पिस्टन दाबताना काय झालं ते सांगा,” मी म्हटलं.

त्यांनी काही लपवलं नाही. बटणाने ब्रेक सोडला, कॅलिपर काढला, जुना पॅड मधे धरून दाबायचा सी-क्लॅम्प लावला. पुढचे पिस्टन असेच सहज गेले होते. मागचा थोडासा गेला आणि थांबला. त्यांना वाटलं गंजलाय. म्हणून क्लॅम्पच्या दांड्यात पाईप घालून जोर लावला. मग आतून ‘कट्’ असा आवाज आला. “तिथेच थांबलो,” ते म्हणाले. “उजव्याला हात लावला नाही. काहीतरी चुकलंय असं वाटलं आणि तुला फोन केला.”

पिस्टनच्या पोटात एक नट असतो आणि त्यातून आटे पाडलेला दांडा जातो. मोटर दांडा फिरवते, नट पुढे येतो आणि पिस्टनला ढकलतो. बटणाने ब्रेक सोडला तरी नट थोडासाच मागे जातो, पॅड मोकळा व्हायला लागतो तेवढाच. पॅड जसे झिजतात तसा तो पुढे-पुढे येऊन राहिलेला असतो. मी सरांना त्यांच्याच शेडमधला सुताराचा व्हाइस दाखवला. दांडा फिरवला की जबडा सरकतो. पण जबड्यावर हातोडा मारून दांडा फिरेल का? नाही. काहीतरी तुटेल. म्हणून या गाड्यांत आधी स्कॅनर लावून सर्व्हिस मोडची आज्ञा द्यायची, मोटर नट पार मागे नेते, मग पिस्टन हाताच्या जोराने आत जातो. काही गाड्यांत हेच काम पॅडल आणि बटण ठरावीक क्रमाने दाबून होतं, तो क्रम गाडीच्या पुस्तकात असतो.

स्कॅनर लावला. उजवी मोटर छान घुमत मागे गेली. डावी क्षणभर घरघरली आणि थांबली. स्क्रीनवर डाव्या मोटरचा दोष. मोटरचे स्क्रू काढून ती बाजूला केली आणि दांडा पान्याने हाताने फिरवून पाहिला. पाव फेरा, आणि गच्च. दोन्हीकडे करून पाहिलं. आतले आटे गेले होते.

कॅलिपर नवीन लागणार होता. मी तिथूनच फोन केले. चवथीच्या सुट्टीनंतरच मिळेल म्हणाले.

सरांची नात बेळगावला शिकते. तिला आणायला दुसऱ्या दिवशी चोर्ला घाटातून जायचं ठरलं होतं. काकी पडवीतून विचारत होत्या, “जुने पॅड घालून दे ना रे परत. पायाचा ब्रेक तर चालतोय. एकदाच जाऊन यायचंय.”

खरं सांगतो, त्या क्षणी हो म्हणावंसं वाटलं. नवा पॅड त्या बाजूला बसतच नव्हता, जुना बसला असता. वरून गाडी ठीकच दिसली असती. पण आतल्या पॅडवर एक मिलिमीटरही नाही, नट मधेच अडकलेला, आणि रस्ता चोर्ल्याचा, पावसात, धुक्यात, येताना सगळा उतार. मी उसगावच्या एका गॅरेजमध्ये टिपर ट्रकवर काम शिकलो. खाणींचे भरलेले टिपर यायचे, त्यांच्या ड्रम ब्रेकचे लायनर रिबिटा मारून बसवायचो. 2012 साली खाणी थांबल्या तेव्हा मी गाड्यांकडे वळलो. पण तिथल्या उस्तादांची एक सवय अंगात राहिली. ब्रेकच्या कामात शंका असली तर ते चावी मालकाला परत देत नसत, मालक कितीही ओरडला तरी.

“काकी, ही गाडी इथून हलणार नाही,” मी म्हटलं. सरांकडे बघायचं धाडस झालं नाही. शाळेत ज्यांच्यापुढे मान वर करून बोललो नाही त्यांना मी त्यांच्याच अंगणात नाही म्हणत होतो.

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग नातवाला म्हणाले, “ताईला फोन लाव. कदंबाच्या बसने ये म्हणावं.”

चावी मी माझ्या खिशातच ठेवली. त्यांनी मागितली नाही.

जायच्या आधी पुढची चाकं पुन्हा उघडली. पिनांना सरांनी साधं पिवळं ग्रीस लावलं होतं. त्याने पिनांवरची रबरी टोपणं फुगतात आणि पिन पुन्हा अडकते. सगळं पुसून सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचं ग्रीस लावलं. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. पिस्टन मागे ढकलले की ब्रेक ऑइल वर टाकीत चढतं. टाकी आधीच काठोकाठ होती, ऑइल सांडून मडगार्डवर ओघळलं होतं. ते रंग खातं. भरपूर पाण्याने धुतलं, तरी एका जागी चमक गेलीच.

कॅलिपर चवथीनंतर चौथ्या दिवशी मिळाला. त्या रविवारी मी पुन्हा गेलो. नळी उघडायचीच होती म्हणून ऑइलही सगळं बदललं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 4 नवीन असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच हद्द 155 अंशांवर येऊ शकते. घाटात ब्रेक तापले, ऑइल उकळलं आणि त्यात वाफ झाली की पॅडल पोकळ लागतं. गोव्यासारख्या दमट हवेत दोन वर्षांच्या पुढे ते ठेवू नये. या गाडीतलं काळपट झालं होतं.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. सर आत बसले, मी चाकापाशी. “दाबा सर. धरून ठेवा. सोडा.” दर वेळी ते आतून मोठ्याने “धरलंय” म्हणायचे, आणि मी हवा काढायचा नट सोडायचो. चारही चाकं अशी झाली. बुडबुडे थांबले.

मग मी त्यांना गाडी सुरू न करता पॅडल दाबायला लावलं. पॅड बदलल्यावर पिस्टन मागे गेलेले असतात, पहिलं पॅडल थेट तळाला जाऊ शकतं. अंगणातून गाडी मागे घेताना हे कळलं तर तोवर भिंत आलेली असते, किंवा मागे खेळणारं पोर. सातव्या-आठव्या दाबाला पॅडल कडक झालं. “आता समजलं,” सर म्हणाले, “त्या दिवशी सकाळी पुढचे घातल्यावर मी हे केलंच नव्हतं.” गाडी चिऱ्यांवर होती म्हणून त्या दिवशी हलली नाही, एवढंच.

नव्या पॅडना डिस्कशी जमवून घ्यावं लागतं. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीकडे रविवारी रहदारी नसते. तिथे सरांनीच गाडी चालवली. साठपर्यंत न्यायची, दहापर्यंत हळूहळू आणायची, पूर्ण थांबवायची नाही, मधे वारा लागू द्यायचा. आठ वेळा केलं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला नव्या पॅडचा जळका वास आला, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी हाताने चालू ठेवा म्हटलं.

परत येताना चढावर मी गाडी थांबवायला सांगितली. सरांनी बटण ओढलं. मी काच खाली करून मागे कान दिला. डावी आणि उजवी, दोन्ही मोटरी एकाच वेळी घुमल्या आणि एकाच वेळी थांबल्या. सरांनी पॅडलवरचा पाय काढला. गाडी जागची हलली नाही.