युकॉन नदीतून डॉसनपर्यंत, कनूतले १६ दिवस

जूनच्या शेवटी मी आणि माझा मेव्हणा कॅनडाच्या वायव्येला, युकॉन प्रदेशातल्या व्हाइटहॉर्सला कनूत (वल्ह्याच्या छोट्या, अरुंद होडीत) बसलो आणि सोळाव्या दिवशी डॉसनला उतरलो. अंतर ७०० किलोमीटरच्या वर, सगळं प्रवाहाबरोबर. कोणी जाणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर ही नुसती नदी वाटते. ऑगस्ट १८९६ मध्ये डॉसनजवळ क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या बोनान्झा ओढ्यात सोनं सापडलं, बाहेर बातमी पोचायला जवळपास वर्ष गेलं आणि मग लाखभर माणसं घरदार सोडून निघाली. वर्षभराचा शिधा असल्याशिवाय पोलीस कॅनडात सोडत नव्हते, म्हणून टनभर सामान खेपा घालून अलास्कातून कॅनडात येणाऱ्या चिलकूट खिंडीतून चढवायचं आणि मग बेनेट सरोवराच्या काठी थंडीभर बसून होडी बांधायची. फळ्या पाडायला ओंडका उंच मांडवावर, एकजण वर, एकजण खाली, मोठी करवत वरखाली ओढायची, खालच्याच्या डोळ्यात सगळा भुसा. जिवलग मित्र इथे भांडून वेगळे झाले. २९ मे १८९८ ला बर्फ फुटला आणि ७ हजारांवर होड्या सुटल्या.

त्यातल्या बऱ्याच व्हाइटहॉर्सच्या रॅपिड्समध्ये (खडकांवरून उसळत जाणाऱ्या वेगवान पाण्यात) फुटल्या, माणसं बुडाली, मग पोलीस अधिकारी सॅम स्टीलने नियम केला की होडी जाणकार नावाड्यानेच न्यायची आणि बायका-मुलांनी काठाने चालत जायचं. आता ते रॅपिड्स धरणाच्या पाण्याखाली आहेत, म्हणून सुरुवात धरणाच्या खालून करायची. पण धरणाच्या वरची माइल्स कॅन्यन ही अरुंद घळ चालत बघून या, अर्धा दिवस काढाच.

खरी परीक्षा लेबार्ज सरोवर. ५० किलोमीटर लांब, प्रवाह जवळजवळ नाही आणि दुपारी वारा सुटतो. पहाटे निघा (अंधार होतच नाही), काठ सोडू नका. आम्ही एक खाडी वाचवायला सरळ कापत गेलो, मध्येच लाटा आत यायला लागल्या, मेव्हणा पातेल्याने पाणी उपसतोय आणि मी वल्हं मारतोय, पाणी इतकं गार की बोटं बधिर. काठाला लागल्यावर रात्रीपर्यंत एकमेकांशी बोललो नाही. त्या करवतवाल्यांची फार आठवण आली. लाइफ जॅकेट कायम अंगात ठेवा.

पुढची नदी सुंदर आणि वेगवान. कारमॅक्स गावानंतर फाइव्ह फिंगर रॅपिड्स, तिथे सगळ्यात उजवीकडचा फाटा, खूप आधीपासून उजव्या काठाला राहा. व्हाइट रिव्हर मिळाली की पाणी दुधी होतं आणि कनूच्या तळाला बारीक वाळू घासत जाते, कान लावला तर सतत सर्रर्र ऐकू येतं. हे पाणी फिल्टर तुंबवतं. आईने आठवणीने दिलेली तुरटी इथे कामी आली, बादलीत फिरवून रात्रभर ठेवली, सकाळी वरचं पाणी नितळ, मग फिल्टर. शक्यतो बाजूच्या ओढ्यांचं पाणी भरून घ्या.

अस्वलांसाठी स्प्रे हाताशी हवा, जेवण घट्ट झाकणाच्या पिंपात आणि स्वयंपाक तंबूपासून लांब. मेतकूट-भाताने आम्हाला तारलं. डासांची जाळी विसरू नका. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही, सॅटेलाइटवाला मेसेंजर घ्याच.

डॉसनला पोचल्यावर बोनान्झा ओढ्यावर नक्की जा. १८९८ च्या होड्या इथे लागल्या तोवर चांगल्या जागा आधीच्या लोकांनी धरलेल्या होत्या, कित्येकजण मजुरी करून राहिले नाहीतर परत फिरले. कनू डॉसनलाच सोडता येईल असं भाड्याने घेतानाच ठरवा, आणि परतीच्या गाडीचं बुकिंग निघण्याआधी करा, आम्ही केलं नव्हतं, दोन दिवस अडकलो.