सुप्याच्या माळावर गवत मोजताना: क्षेत्रकामाचा वृत्तांत आणि पुढे जाणाऱ्यांसाठी काही सूचना

पुणे जिल्ह्यातील सुपे आणि मोरगावच्या परिसरातील माळांवर पावसाळ्याच्या अखेरीस गवताची मोजणी करणाऱ्या एका संशोधन गटात मी यंदा मदतनीस म्हणून काम केले. पुढील हंगामात अशा कामाला जाऊ इच्छिणारे विद्यार्थी आणि हौशी निसर्गप्रेमी वरचेवर चौकशी करत असतात, म्हणून काम कसे चालते, कोणत्या दिवसांत जावे आणि सोबत काय न्यावे, हे सविस्तर लिहीत आहे. प्राणी पाहण्याच्या ओढीने येणाऱ्यांनी एवढे आधीच लक्षात घ्यावे की चिंकारा दिसतो, लांडग्याचे ठसेही मिळतात, पण दिवसाचा बहुतेक वेळ एक चौरस मीटरच्या चौकटीत मान खाली घालून बसण्यात जातो.

लोणावळ्याला वर्षाकाठी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुणे शहरात तो साधारण ७०० मिलिमीटरवर येतो आणि दिवे घाट चढून पूर्वेला गेले की आणखी घटत जातो. या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात जमीन उथळ आणि मुरमाड आहे. गवताचा विस्तार आणि त्यात मधूनच उभे असलेले हिवर, बोर, बाभूळ किंवा तरवड ही येथील मूळचीच रचना आहे. दाट जंगल तुटून मागे उरलेली ही जमीन नव्हे. तरीही सरकारी दप्तरात अशा कितीतरी जमिनी पडीक म्हणून नोंदल्या गेल्या आणि त्यांवर झाडे लावणे हे आपोआप पुण्यकर्म ठरले. आमच्या गटाचे काम याच प्रश्नाशी निगडित होते. चराई चालू असलेला माळ, चराई बंद असलेला माळ आणि चर खणून वृक्षारोपण केलेला माळ यांत गवताच्या कोणत्या जाती टिकतात आणि किती चारा उभा राहतो, हे आम्हाला मोजायचे होते.

वेळेची निवड हा या कामाचा कणा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये माळ डोळ्यांना सुखावतो, पण तेव्हा बहुतेक गवते नुसत्या पात्यांवर असतात आणि फुलोरा नसताना जात ओळखणे जाणकारालाही जड जाते. दिवाळी उलटली की गवत वाळते, बी गळते, कापणी सुरू होते आणि मोजण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर संपत येईपर्यंतचा, म्हणजे उत्तरा नक्षत्र लागल्यापासून चित्रा संपेपर्यंतचा काळ धरावा. त्यातच हस्ताचा पाऊस येतो. गावकरी त्याला हत्तीचा पाऊस म्हणतात आणि तो आला की दोन-तीन दिवस चिखलामुळे गाडी माळावर नेता येत नाही. कामाचा आराखडा करताना असे दिवस हिशेबात धरलेलेच असावेत. आठवडाभराची रजा टाकून सगळे उरकू असे म्हणणाऱ्याने येऊ नये हे बरे.

पुण्याहून सासवड, जेजुरी, मोरगाव असे गेले की पुढे सुपे लागते. स्वारगेटहून बारामतीला जाणाऱ्या सगळ्याच एसट्या या मार्गाने जात नाहीत, म्हणून बसमध्ये चढण्यापूर्वी वाहकाला विचारावे. मोरगावहून पुढे वडाप मिळते, मात्र अंधार पडल्यावर त्याच्या भरवशावर राहू नये. सोमवती अमावस्येला जेजुरीत आणि चतुर्थीला मोरगावात मोठी गर्दी होते; त्या दिवशी रस्ता तुंबतो आणि राहण्याची खोलीही मिळत नाही. जूनमध्ये माळाची प्राथमिक पाहणी करायची असेल, तर आधी पालखीचे वेळापत्रक पाहावे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटातून सासवड-जेजुरीकडे जाते, तुकाराम महाराजांची यवत-वरवंडकडून बारामतीला जाते आणि त्या दिवसांत दोन्ही मार्गांवर वाहतूक वळवलेली असते.

सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. ते जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे असून मुख्यतः चिंकाऱ्यासाठी ओळखले जाते. त्याच्या आत कोणतेही संशोधन करायचे, अगदी गवताची काडी उचलायची, तरी वनविभागाची लेखी परवानगी लागते. ती मिळायला महिने लागू शकतात, म्हणून अर्ज उन्हाळ्यातच करावा. अभयारण्याबाहेरच्या गायरानांसाठी ग्रामपंचायतीला पत्र द्यावे आणि सरपंच व पोलीस पाटील यांना प्रत्यक्ष भेटून कामाची कल्पना द्यावी. हा उपचार नव्हे. शेजारच्या पुरंदर तालुक्यात विमानतळाच्या भूसंपादनावरून वातावरण तापलेले असल्यामुळे, माळावर टेप धरून उभी राहिलेली अनोळखी माणसे दिसली की जमीन जाणार या शंकेने चार माणसे गोळा होतात, आणि त्यांचे चुकते असेही म्हणवत नाही. गळ्यात ओळखपत्र, गाडीत परवानगीची प्रत आणि गटात गावातला एक तरी माणूस असावा.

प्रत्यक्ष काम असे चालते. आधी ठरवलेल्या दिशेने मोजपट्टी अंथरायची आणि ठराविक अंतरावर नळीची चौकट ठेवायची. चौकटीतील किती टक्के जमीन गवताने, किती इतर झुडूप-वनस्पतींनी आणि किती वाळलेल्या काडीकचऱ्याने झाकली आहे, किती उघडी आहे आणि दगड किती आहेत, याचा अंदाज दोघांनी एकमेकांना न सांगता आपापल्या वहीत लिहायचा आणि नंतर ताडून पाहायचा. सुरुवातीला हे अंदाज हमखास जुळत नाहीत, कारण उभ्याने पाहिले की गवत दाट भासते आणि वाकून सरळ वरून पाहिले की बुंध्यांमधली उघडी माती दिसू लागते. म्हणून नेहमी वरूनच पाहावे. त्यानंतर जातींची यादी आणि उंची नोंदवून, चौकटीच्या एका कोपऱ्यातील गवत जमिनीलगत विळ्याने कापून कागदी पिशवीत भरायचे.

जाती ओळखण्याचा धाक बाळगू नये. नेहमी भेटणाऱ्या दहा-बारा गवतांची खूण पटली की निम्मे काम हलके होते. मारवेलच्या काडीवर बोट फिरवले तर प्रत्येक पेराशी पांढऱ्या केसांचे बारीक कडे लागते. एकदा ते पाहिले की मारवेल पुन्हा चुकत नाही. रोशा गवताची पात चुरडली की वासच नाव सांगतो. कुसळीची तर ओळख करून द्यावी लागत नाही, तीच आपल्याला गाठते. तिच्या बियांना एका टोकाला अणकुचीदार, केसाळ सुई असते आणि दुसऱ्या टोकाला पिळलेली लांब शेपटी. वाळलेले एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर तोंडाची वाफ सोडावी. ओल लागताच शेपटीचा पीळ सुटू लागतो आणि कुसळ तळहातावरच वळवळते. जमिनीवर पडलेले बी दवाने भिजते, उन्हाने सुकते आणि प्रत्येक वेळी असेच फिरून थोडे थोडे मातीत घुसते. तीच करामत ते आपल्या मोज्यांतही करते. घट्ट विणीच्या कापडाची पँट घालावी आणि जुन्या जीन्सच्या पायांचे शिवून घेतलेले गेटर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बांधावेत. विणलेले मोजे उघडे ठेवले, तर संध्याकाळी ते फेकून द्यावे लागतात.

कुसळीविषयी मला सर्वांत उपयोगी माहिती मिळाली ती दख्खनी मेंढरे राखणाऱ्या एका धनगर मामांकडून. गवत कोवळे असेपर्यंत मेंढरे ते आवडीने खातात, पण एकदा कुसळ पक्के झाले की ते लोकरीतून कातडीत शिरते आणि तोंडालाही जखमा करते, म्हणून तो माळ टाळून कळप दुसरीकडे वळवावा लागतो. कोणत्या उतारावर कुसळी आधी पिकते, कोणत्या ओढ्याकाठी मारवेल टिकून आहे आणि कोणत्या माळावर गेल्या उन्हाळ्यात वणवा लागला होता, हे ते चालता चालता सांगत होते. आमच्या नोंदवहीत चराई या सदराखाली फक्त आहे किंवा नाही असे दोनच रकाने होते. मामांचे ऐकून गटप्रमुख ताईंनी त्यात महिना आणि जनावर असे आणखी दोन रकाने घातले. दिवाळीच्या सुमारास धनगरांचे बरेच वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारे कुटुंबांचे गट, कोकणाच्या वाटेला लागतात, तेव्हा ज्यांना चराईविषयी विचारायचे आहे त्यांनी त्याआधीच विचारून घ्यावे. मेंढरे वाघरीत (जाळीच्या कुंपणात) कोंडण्याची वेळ ही मात्र बोलण्याची वेळ नव्हे. सकाळी कळप माळावर पसरल्यावर जावे, आणि कुत्री भुंकू लागली की जागीच उभे राहून हाक मारावी.

चर खणलेल्या माळावरचे काम कंटाळवाणे असते, पण तेच मला सर्वांत बोलके वाटले. समतल चरांतून निघालेला मुरूम बांधावर पडतो आणि त्याबरोबर बहुवर्षायू गवतांची मुळे उखडली जातात. आम्ही पाहिलेल्या अशा बांधांवर गाजरगवत आणि तरवड जोरात होते, तर दोन चरांमधल्या न खणलेल्या पट्टीत जुने गवत टिकून होते. आकड्यांचे विश्लेषण व्हायचे आहे, त्यामुळे निष्कर्षाची घाई मी करणार नाही. तथापि, लावलेले गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) वाढून सावली धरू लागले की उन्हात वाढणारी ही गवते मागे हटतात, एवढे तरी कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञाला मान्य व्हावे. अशा जागी चालताना पाय जपावा, कारण गवताने झाकलेला चर दिसत नाही आणि घोटा मुरगळतो.

प्राण्यांविषयी थोडक्यात. चिंकारा पळतो, थोड्या अंतरावर थांबतो आणि वळून पाहतो. त्या क्षणी आपण स्तब्ध राहिलो तर तो बराच वेळ दिसतो. त्याला एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकण्याची सवय असल्यामुळे असे ढीग नोंदवणे हाही आमच्या कामाचा भाग होता. ऑक्टोबर लागता लागता भोवत्या (हॅरियर) हे शिकारी पक्षी येतात आणि रात्री गवतातच जमिनीवर उतरतात, म्हणून तिन्हीसांजेला उंच गवतातून फिरू नये. लांडग्याची किंवा खोकडाची गुहा सापडली तर तिचे ठिकाण समाजमाध्यमांवरच्या कोणत्याही गटावर टाकू नये आणि छायाचित्रासाठी तेथे पुन्हा जाऊ नये. ज्यांना फक्त प्राणी पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी बारामती-इंदापूर भागात वनविभागाची गवताळ सफारी आहे. त्यांनी तिकडे जावे.

सापांची भीती सगळ्यांना असते, विजेची फारशी कोणाला नसते, आणि मला हे उलटे वाटते. परतीच्या पावसात दुपारनंतर पाहता पाहता ढग चढतात आणि सपाट माळावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो. गडगडाट ऐकू येताच काम थांबवून गाडीत बसावे. एकट्या हिवराखाली आसरा घेऊ नये आणि लोखंडी पहार किंवा छत्री हातात ठेवू नये. आम्ही पहाटे निघून दुपारी दोनपर्यंत काम आटोपत असू. फुरसे आणि घोणस या मुरमाड भागात आहेत, म्हणून घोट्यावर येणारे बूट घालावेत आणि चौकट ठेवण्यापूर्वी काठीने गवत हलवावे. दगड हाताने उलटू नये. प्रतिसर्पविष जवळ कोठे उपलब्ध आहे, हे पहिल्याच दिवशी स्वतः चौकशी करून लिहून ठेवावे. दंश झालाच तर कापणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे यांपैकी काहीही न करता तो अवयव स्थिर ठेवावा, १०८ वर फोन करावा आणि रुग्णाला न चालवता हलवावे.

माणशी किमान तीन लिटर पाणी, रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चिमटा एवढे हवेच. नोंदी पेन्सिलीनेच कराव्यात, कारण दवाने ओल्या झालेल्या कागदावर पेनाची शाई पसरते. माळावर आडोसा नसतो, ही स्त्रियांच्या दृष्टीने खरी अडचण आहे आणि तिच्याविषयी कोणी आधी सांगत नाही. त्या भीतीने पाणी कमी पिणे ऑक्टोबरच्या उन्हात धोक्याचे ठरते, म्हणून गाडी जवळ ठेवणे आणि एक मोठी चादर नेणे हे गटप्रमुखाने सामानाच्या यादीतच लिहावे.

माळावरून परतल्यावरचे काम बहुतेकांना ठाऊक नसते. कापलेले गवत त्याच दिवशी तोलावे लागते. प्लास्टिकच्या पिशवीत ते रात्रभर राहिले तर त्याला वाफ धरते आणि बुरशी येते. कागदी पिशवीवर बाहेर आणि आत टाकलेल्या चिठ्ठीवर, अशा दोन्ही ठिकाणी चौकटीचा क्रमांक लिहावा. पुण्यात आणल्यावर पिशव्या ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत ठेवतात आणि जे शेवटचे वजन येते, तोच त्या तुकड्याचा चारा. न ओळखलेल्या गवताचा मुळांसह आणि फुलोऱ्यासह नमुना वर्तमानपत्रात दाबून न्यावा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था ही दोन्ही पुण्यातच असल्यामुळे तो तेथील संग्रहाशी ताडून पाहण्याची सोय होऊ शकते, मात्र आधी पत्र पाठवून वेळ ठरवावी. एका माळावरून दुसऱ्या माळावर जाताना बुटांचे तळवे आणि गेटर ब्रशने झाडावेत, नाहीतर गाजरगवताचे बी आपणच पुढच्या चौकटीत पेरून येऊ.