ट्यूब पेटलेली होती, ऊन मात्र पोहोचत नव्हते

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पेट्यांमध्ये प्रकाशाची आणि उष्णतेची व्यवस्था करून देणे हे माझे काम आहे. त्या दिवशीचे बोलावणे एका पशुवैद्य डॉक्टरांकडून आले होते. त्यांच्याकडे हरमन जातीचे, बंदिस्त अवस्थेतच जन्मलेले आणि रीतसर कागदपत्रांसह पाळलेले एक तरुण कासव उपचारासाठी आले होते. क्ष-किरण चित्रात त्याची हाडे विरळ दिसत होती, कवचाच्या कडा अंगठ्याने दाबल्या की किंचित लवत होत्या, चोच वाढलेली होती आणि चालताना पोट जमिनीवरून पुरते उचलले जात नव्हते. खाण्यात हिरवा पाला भरपूर, त्यावर कॅल्शियमची पूडही नियमित. "औषध मी देतो, पण पेटीत काय कमी पडते आहे ते तुम्ही जाऊन बघा," असे डॉक्टरांनी सांगितले.

पेटी पाहून मला आश्चर्य वाटले, कारण ती मनापासून बांधलेली होती. लाकडी भिंती, ऐसपैस जागा, कासवाला अंग पुरून घेता येईल इतका मातीचा जाड थर, लपायला आडोसा. डाव्या टोकाला उजेड न देता ऊब देणारा सिरॅमिक हीटर होता आणि उजव्या टोकाला अतिनील किरणांची लांब ट्यूब होती. कासव चढून ट्यूबला धडकू नये म्हणून तिच्याखाली पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा नीट कापून बसवला होता. "अहो, ट्यूब रोज बारा तास चालू असते, मी स्वतः सकाळी बघतो," कासव पाळणारे काका काहीशा व्याकुळतेने म्हणाले. ते खरेच सांगत होते.

मी अतिनील निर्देशांक मोजणारे मीटर कासवाच्या पाठीच्या उंचीवर, ट्यूबच्या बरोबर खाली धरले. आकडा आला 0.0. पत्रा बाजूला सरकवला तेव्हा तो 0.6 वर गेला. पत्रा काचेसारखा स्वच्छ होता, त्यातून दिसणारा प्रकाश जवळजवळ पूर्ण खाली उतरत होता. पण 280 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे जे किरण कासवाला हवे असतात, ते साध्या काचेतून आणि बहुतेक पारदर्शक प्लॅस्टिकमधून पार होत नाहीत. माणसाच्या डोळ्याला हे किरण दिसतच नसल्यामुळे उजेड पाहून त्यांचा अंदाज बांधता येत नाही. पत्रा काढल्यावरही आकडा इतका कमी राहिला, कारण ट्यूब जुनी होती. अशा ट्यूबची अतिनील किरणे देण्याची क्षमता दिसणारा उजेड मंदावण्याच्या बऱ्याच आधी घटते.

तेवढ्यावर काम संपले असते तर पत्रा काढून आणि नवी ट्यूब लावून मी निघालो असतो. परंतु कासव त्या ट्यूबखाली जातच नव्हते. मी बराच वेळ पेटीशेजारी बसून पाहत राहिलो, तेव्हा ते सारा वेळ हीटरच्या टोकाला मान आत ओढून पडून होते. उजव्या बाजूला केवळ पाला खायला जाऊन लगेच परत येत होते. दोष खरा इथे होता. कासवाला शरीराची उष्णता बाहेरूनच मिळवावी लागते आणि निसर्गात ती मिळवण्यासाठी ते उन्हात जाऊन बसते. त्याच उन्हातले अतिनील किरण त्याच्या त्वचेतील एका घटकाचे रूपांतर जीवनसत्त्व ड च्या आधीच्या पायरीत करतात, शरीराच्या उबेत तिचे जीवनसत्त्व ड बनते, पुढे यकृत आणि मूत्रपिंडे ते वापरण्याजोगे करतात आणि मगच खाल्लेले कॅल्शियम हाडांच्या कामी येते. अतिनील किरण शोधायचे म्हणून कासव कुठे जात असेल यावर मी विसंबत नाही, ऊब मात्र ते हमखास शोधते. म्हणून ऊब एका टोकाला आणि किरण दुसऱ्या टोकाला ठेवले, की दोन्ही साधने महागडी आणि चांगली असूनही प्राणी उपाशीच राहतो.

सिरॅमिक हीटरचीही पाहणी करणे आवश्यक होते. भिंतीवरचा गोल थर्मामीटर 28 अंश दाखवत होता, पण हवेचे तापमान भिंतीवर मोजून कासवाच्या पाठीचे कळत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरने जमीन मोजली, तर हीटरच्या थेट खाली 43 अंश आणि वीतभर अंतरावर 25. सिरॅमिक हीटरची उष्णता वरवरच्या थरात अडते. हॅलोजन दिव्यातील सूर्याशी अधिक मिळतेजुळते अवरक्त (इन्फ्रारेड) किरण ऊतींमध्ये त्याहून खोल जातात. हीटरखालच्या इतक्या अरुंद तापलेल्या जागेत बसलेल्या कासवाची पाठ तापून कोरडी होते आणि पाय मात्र गार राहतात.

मग आम्ही मांडणी नव्याने केली. परावर्तक असलेली टी-5 (बारीक व्यासाची) अतिनील ट्यूब आणि तिच्या शेजारी रुंद झोताचा हॅलोजन दिवा, दोन्ही एकाच टोकाला आणि बरोबर वरून. बाजूने लावलेला दिवा थेट डोळ्यांत जातो, वरून येणाऱ्या प्रकाशाला कासवाच्या भुवईच्या कडेची सावली मिळते. खाली सपाट दगड ठेवला. दिवे साखळीने टांगले, वायरवर भार येऊ दिला नाही, होल्डर चिनी मातीचे घेतले आणि दिव्याला जाळी बसवली, कारण सुटलेला हॅलोजन दिवा कोरड्या पाचोळ्यावर पडला तर आग लागते. त्यानंतरचा सारा वेळ साखळीची एकेक कडी वर-खाली करण्यात गेला. दगडाचा पृष्ठभाग 37 अंशांवर आला, थंड टोक 22 वर स्थिरावले, आणि पाठीच्या उंचीवर निर्देशांक 3.4 आला, जो आडोशापाशी शून्यापर्यंत उतरत होता. संशोधक गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरड्यांना आणि सापांना निसर्गात मिळणाऱ्या किरणांवरून जे चार गट मांडले, त्यांतील तिसऱ्या गटात ही कासवे धरली जातात. ऊन खाण्याच्या जागी त्या गटासाठी कमाल निर्देशांकाचा पल्ला 2.9 ते 7.4 आहे. आजारी प्राण्यासाठी मी मुद्दाम खालच्या टोकाला राहिलो. दगडापासून आडोशापर्यंत किरणांचा असा उतार ठेवणे मला आकड्याइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण किती ऊन पुरे हे शेवटी कासवाला ठरवता आले पाहिजे.

काकांनी रात्रीसाठी लाल दिवा आणून ठेवला होता, तो मी लावू दिला नाही. कासवाला लाल रंग दिसतो आणि त्याला रात्री अंधार हवा असतो. सिरॅमिक हीटर आम्ही फेकला नाही. फार थंड रात्री प्रकाशाशिवाय ऊब द्यायला त्याच्याइतके सोयीचे साधन नाही, म्हणून तो थर्मोस्टॅटला जोडून 16 अंशांवर लावला. हॅलोजनसाठी मात्र प्रकाश हळूहळू कमी-जास्त करणारा थर्मोस्टॅट निवडला, कारण एकदम बंद-चालू होणाऱ्या थर्मोस्टॅटमुळे कासवाचा सूर्य दिवसभर मावळत-उगवत राहतो. हॅलोजन माती सुकवतो, तेव्हा आडोशाखालची माती ओलसर ठेवण्यासही सांगितले. आफ्रिकी सुल्काटा कासवांवरील 2003 सालच्या एका अभ्यासात कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या कवचावर अधिक उंचवटे आले होते.

डॉक्टरांच्या पुढच्या तपासणीत कवचाच्या कडा घट्ट होत चालल्या होत्या आणि कासव पोट उचलून चालू लागले होते. आधी वाकडे वाढलेले कवच सरळ होणार नाही, हे त्यांनी काकांना स्पष्ट सांगितले. काकांनी आता मीटर घेतले आहे. दर महिन्याला ते दगडावर, पाठीच्या उंचीवर धरून आकडा वहीत लिहितात, आणि तो 2.9 च्या खाली उतरला की ट्यूब लख्ख पेटत असली तरी बदलायची, असे आमचे ठरले आहे.